दुर्गंधीच्या शब्दातून घडलेला ठेका : फंक, कीबोर्ड आणि आपली सम

दरवर्षी एप्रिल उजाडला की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. विषय असतो जयंतीच्या मिरवणुकीचा आवाज. पाडव्याच्या स्वागतयात्रेतले ढोल-ताशे ‘संस्कृती’ ठरतात आणि भीमजयंतीला वाजणारे कीबोर्ड, बेंजो आणि ऑक्टोपॅड मात्र ‘गोंगाट’ ठरतात. आवाजाचे नियम सर्वांना सारखे असावेत, रात्री दहानंतर कोणाचाच लाऊडस्पीकर वाजू नये, हे आम्हाला मान्यच आहे. पण आवाज किती मोठा हा एक प्रश्न आहे आणि कोणाचा आवाज कानाला खुपतो हा दुसरा प्रश्न आहे. या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास जातीचा आहे, आणि अमेरिकेत तो वंशाचा आहे.

आज हा विषय काढण्याचे कारण वेगळे आहे. आपल्या वस्त्यांमधली कीबोर्ड वाजवणारी पोरे हल्ली मोबाईलवर बघून फंक शिकू लागली आहेत. त्यावर जाणत्यांचा आक्षेप असा, की भीमगीत सोडून हे परदेशी खूळ कशाला? आणि पोरांचे उत्तर असे, की भारी वाजते म्हणून. आम्हाला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. फंक शिकलाच पाहिजे, पण तो कोणाच्या घामातून आला हे जाणून शिकला पाहिजे. तसे शिकले तर तो परका राहत नाही, आणि नुसते खूळही राहत नाही.

शिवीचे नाव झाले

‘फंक’ या शब्दाचा जुना अर्थ दुर्गंधी असा आहे. घामाचा, अंगाचा वास. दिवसभर राबणाऱ्या काळ्या माणसाच्या अंगाला वास येतो, असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या जगात हा शब्द वावरला. काळ्या वादकांनी तोच उचलला आणि आपल्या सर्वांत कसदार संगीताला त्याचे नाव दिले. ज्या वासाची घृणा केली जाते तो श्रमाचा वास आहे, आणि श्रमाची लाज बाळगायची नसते, ही त्यामागची भूमिका होय. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांना ही भूमिका वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडच्या साहित्यिकांनी ‘दलित’ हा शब्द असाच ताठ मानेने वापरला होता.

तिथे ढोल हिरावला, इथे ढोल लादला

फंकचे मूळ शोधायचे तर १७३९ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना प्रांतात स्टोनो नदीच्या काठी गुलामांनी बंड केले. बंडखोर ढोल वाजवत चालले होते आणि तो ऐकून आणखी गुलाम त्यांना येऊन मिळत होते. बंड चिरडले गेले. पुढच्याच वर्षी, १७४० साली, प्रांताने कायदा करून गुलामांच्या हातातले ढोल आणि शिंगे काढून घेतली. मालकांना कळून चुकले होते की ढोल ही करमणूक नाही, तो निरोप आहे.

ढोल गेला, पण ठेका गेला नाही. तो मांडीवर, छातीवर, टाळीत आणि पायाच्या आपटण्यात जाऊन बसला. पुढे गिटार, बास, पियानो असे जे वाद्य हाती आले, त्याचा या लोकांनी ढोल केला. याच साउथ कॅरोलिनात १९३३ साली अत्यंत दरिद्री घरात जेम्स ब्राउन जन्मला आणि १९६० च्या दशकात त्याच्या वाद्यवृंदातून फंक आकाराला आला. त्या संगीतात गिटार, ट्रम्पेट, ऑर्गन ही सगळीच वाद्ये सुरांपेक्षा आधी ठेक्याची कामे करतात. हिरावलेला ढोल असा सगळ्या वाद्यांमधून परत आला.

आपल्याकडे नेमके उलटे घडले. इथे ढोल हिरावला नाही, लादला. गावगाड्यात हलगी मांग समाजाच्या हाती जातीचे काम म्हणून दिली गेली. गावाच्या लग्नात वाजवायची, देवाच्या पालखीपुढे वाजवायची, पण वाजवणाऱ्याने देवळात जायचे नाही. ज्या कलेवर गावाचा सण उभा, त्या कलेचा मान मात्र शून्य. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते महार वतनासाठी. त्यामागचा विचार मात्र सगळ्याच जातबद्ध कामांना लागू होता : जन्माने गळ्यात पडलेले काम नाकारण्याचा अधिकार माणसाला असला पाहिजे. म्हणून आपल्या चळवळीला वाजवण्याबद्दल दोन गोष्टी एकदम कराव्या लागल्या. सक्तीचे वाजवणे सोडायचे, आणि स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या शब्दांसाठी वाजवणे सुरू करायचे. आंबेडकरी जलसा ही ती दुसरी गोष्ट आहे.

दोन रेल्वेमार्ग, एक जंक्शन

जलशांनी तमाशाचा सांगाडा घेतला आणि आतला आशय बदलला. भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी १९३० च्या दशकात नाशिक-मुंबई पट्ट्यात हे काम उभे केले. पुढे वामनदादा कर्डक आले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचे. प्रल्हाद शिंदे आले, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. कल्याण जंक्शनवर उभे राहून पाहिले तर या इतिहासाचा नकाशा रुळांवरच दिसतो. एक मार्ग कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे जातो आणि दुसरा कर्जतवरून पुणे-सोलापूरकडे. दुष्काळ आणि जात या दोहोंना पाठ दाखवून निघालेली माणसे याच मार्गांनी खाली उतरली. रेल्वेत, गिरण्यांत, कारखान्यांत लागली आणि कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, कळवा, ठाणे इथल्या वस्त्यांत राहिली. सामानात त्यांनी गाणी आणली. प्रल्हाद शिंदे यांचे कुटुंब कल्याणलाच स्थिरावले आणि आनंद-मिलिंद यांच्यापासून आदर्श-उत्कर्षपर्यंत हा आवाज इथूनच महाराष्ट्रभर गेला. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली, जेमतेम महिन्याभराच्या अंतराने गेले.

अमेरिकेतही हेच घडले होते. १९१६ च्या सुमारास सुरू झालेल्या आणि १९७० पर्यंत चाललेल्या महास्थलांतरात सुमारे ६० लाख काळी माणसे दक्षिणेची शेते सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे गेली, बहुतेक रेल्वेने. फंक हे त्या कामगार वस्त्यांतल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीचे संगीत आहे. त्यामुळे कोळसेवाडीतल्या पोराला ते ऐकताक्षणी जवळचे वाटले, तर त्यात नवल नाही.

पट्ट्यांच्या वाद्याचा अपमान आणि बदला

आता कीबोर्डकडे येऊ. पट्ट्यांच्या वाद्याला आपल्याकडे प्रतिष्ठितांनी फार काळ दारात उभे केले नाही. हार्मोनियम युरोपातून आली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. कारण असे दिले गेले की तिच्या ठरलेल्या पट्ट्यांवर मींड निघत नाही, श्रुती सांभाळल्या जात नाहीत. हे तांत्रिकदृष्ट्या खोटे नव्हते. पण त्याच काळात कव्वालीच्या फडात, भजनात, आपल्या शाहिरांच्या ताफ्यात पेटी गरिबाचा संपूर्ण वाद्यवृंद होऊन बसली होती. रेडिओला तिच्यातली उणीव दिसली, आपल्या लोकांना तिच्यातली सोय दिसली.

पुढे बेंजो आला. तो मूळचा जपानचा, ‘ताइशोगोतो’ या नावाने १९१२ साली तयार झालेला. तारांवर टाइपरायटरसारखी बटणे. मग कॅसिओ कंपनीने १९८० साली आपली कॅसिओटोन मालिका आणली आणि स्वस्त इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घरोघर पोचू लागले, इतके की वाद्य कोणत्याही कंपनीचे असो, आपण त्याला ‘कॅसिओ’ म्हणू लागलो. पेटी, बेंजो, कॅसिओ यांतले एकही वाद्य आपण घडवलेले नाही, पण तिन्हींना बोलायला आपण शिकवले.

फंकच्या कीबोर्डची कथाही अशीच आहे. फंकमधला जो खरखरीत, तुटक, गिटारसारखा कीबोर्डचा आवाज आपण ऐकतो तो क्लॅव्हिनेट नावाच्या वाद्याचा. ते जर्मनीच्या होनर कंपनीने १९६० च्या दशकात बनवले, तेही युरोपातल्या जुन्या क्लॅव्हिकॉर्डची घरगुती विजेरी आवृत्ती म्हणून. पट्टी दाबली की खालचा रबरी ठोकळा तारेवर आदळतो, एवढीच यंत्रणा. जुने दरबारी संगीत घरात वाजवता यावे म्हणून घडवलेले हे वाद्य स्टीव्ही वंडर या अंध काळ्या कलावंताने १९७२ साली ‘सुपरस्टिशन’ या गाण्यात असे वाजवले की वाद्याची ओळखच बदलली. ‘सुपरस्टिशन’ म्हणजे अंधश्रद्धा. शिवाय त्या गाण्याचा सूर आपल्या भाषेत सांगायचा तर काळी दोन. काळी दोनला षड्ज धरून पाचही काळ्या पट्ट्या वाजवल्या तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि मिळतात, म्हणजे धानी रागाचे स्वर. आपल्या कितीतरी लोकधुना याच स्वरांच्या आसपास फिरतात. ज्याला हे संगीत परके वाटते त्याने या पाच पट्ट्यांवर हात ठेवून पाहावा.

परकेपणाचा आक्षेप घेणाऱ्यांना आणखी एक आठवण करून द्यावी लागेल. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. तेही पाश्चात्त्यच वाद्य. ज्ञान कुठून आले यापेक्षा ते कोणाला मुक्त करते, हे पाहणारा हा माणूस होता.

चळवळ आणि ठेका

फंक आणि काळ्यांचा लढा एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्याच वर्षी जेम्स ब्राउनने काळेपणाचा अभिमान उघड मांडणारे ‘से इट लाउड’ हे गाणे लहान मुलांच्या कोरससह ध्वनिमुद्रित केले. १९६६ साली ओकलंडला स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाने तर १९७० मध्ये स्वतःचा फंक गट काढला. त्याचे नाव ‘द लम्पेन’. गाणारे चौघे पक्षाचे साधे कार्यकर्ते होते, पक्षाच्या वृत्तपत्राच्या वितरणाचे काम करणारे. लोकप्रिय गाण्यांच्या चाली घेऊन त्यावर चळवळीचे शब्द बसवायचे आणि सभेत गायचे, ही त्यांची पद्धत. वाचकांच्या लक्षात आलेच असेल : हा जलसाच आहे. आपल्या शाहिरांनी तमाशाच्या आणि सिनेमाच्या चालींवर जे केले तेच.

‘सुपरस्टिशन’ आले त्याच १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या साथीदारांनी दलित पँथर उभी केली. नाव अमेरिकेतून घेतले, आशय इथल्या मातीतला होता. त्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडच्या अर्जाची प्रत मागितली होती. म्हणजे देवाणघेवाण जुनी आहे. राजकारणात आणि साहित्यात ती झाली, ठेक्यात मात्र अजून अपुरी आहे. ते काम आजच्या पिढीचे आहे.

प्रत्यक्ष शिकायचे कसे

आता हाताचे काम. पहिली अट, कीबोर्डवरची ऑटो ऱ्हिदम बंद. ते बटण दाबून जो वाजवतो तो यंत्राला साथ करतो, यंत्र त्याला नाही.

फंकचे एक आवर्तन चार ठोक्यांचे, आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग. एकूण १६. तोंडाने ‘तकधिमी’ चार वेळा म्हणा, हिशेब जुळतो. मेट्रोनोम मिनिटाला ८० ठोक्यांवर ठेवा, त्यापेक्षा जलद नको. जेम्स ब्राउन आपल्या वादकांना सारखा पहिल्या ठोक्याबद्दल बजावत असे. मधे काय हवे ते करा, पण पहिल्यावर सगळ्यांनी एकत्र या. ते त्याला ‘द वन’ म्हणत. आपण त्याला सम म्हणतो. ढोलकीवर वाढलेल्या पोराला हे दोनदा सांगावे लागत नाही.

डाव्या हाताने खालच्या सप्तकातला सा, म्हणजे काळी दोन, फक्त पहिल्या आणि आठव्या मात्रेवर वाजवा. उजव्या हातात सा, कोमल ग, प, कोमल नि असे चार स्वर एकदम धरा, चारही काळ्या पट्ट्या. ते चौथ्या, सातव्या आणि चौदाव्या मात्रेवर वाजवा, पण दाबून ठेवू नका. तव्यावरून बोट उचलावे तसे लगेच उचला. शेजारी बसलेल्याने पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्यावी. सोळापैकी अकरा मात्रांवर तुमचे दोन्ही हात गप्प आहेत, आणि अवघड तेच आहे. नवशिका ती जागा भरायला धावतो. फंकचा सगळा कस ती जागा मोकळी ठेवण्यात आहे, कारण तिथे बासवाला, ढोलवाला, गाणारा येणार असतो. दुसऱ्याला जागा देऊनही आपली जागा न सोडणे, ही संघटनेची शिस्त आहे. ती भाषणाने शिकवता येत नाही, सोळा मात्रांत शिकवता येते.

हे पंधरा दिवस जमले की हलगीवाल्याला सोबत घ्या. हलगीत मुख्य ठोक्याच्या मधे बारीक काडीची पेरणी चालते. तशीच पेरणी क्लॅव्हिनेट वाजवणारे अगदी हलक्या, जवळजवळ न ऐकू येणाऱ्या स्पर्शांनी करतात. मग काफी थाटाकडे जा. हर्बी हॅनकॉकचे १९७३ चे ‘कमेलियन’ याच स्वरांच्या पट्ट्यात फिरते, बासही सिंथेसायझरवरच वाजलेला. त्यानंतर बर्नी वॉरेल ऐका. तो पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात तयार झालेला पियानोवादक. पार्लमेंट या गटाच्या ‘फ्लॅश लाइट’मध्ये त्याने मिनीमूगवर बासची बाजू अशी लढवली की बास गिटारची उणीव भासत नाही. शास्त्र शिकणे आणि वस्तीचे वाजवणे यांत वैर नाही, हे त्याच्याकडून घ्यावे. शेवटी आपले शब्द घ्या. ‘जय भीम’ या घोषातला ‘जय’ उठाणाला ठेवा आणि ‘भीम’ समेवर आणा. बाकी ठेका आपोआप रांगेत उभा राहतो.

नाव कोणाचे?

इथे एक सावधगिरी. जेम्स ब्राउनची विभूतिपूजा करायचे कारण नाही. तो चुकलेल्या वादकाला दंड ठोठावत असे. १९७० साली पैशांच्या वादावरून त्याचे बहुतेक वादक एकदम सोडून गेले. १९७२ मध्ये त्याने निक्सनला पाठिंबा दिला. त्याच्याच वृंदातला क्लाइड स्टबलफील्ड हा ड्रमवादक. ‘फंकी ड्रमर’मधला त्याचा काही सेकंदांचा ठेका नंतर शेकडो गाण्यांत कापून वापरला गेला. गाण्याच्या श्रेयात त्याचे नाव नसल्याने त्या वापराची रॉयल्टी त्याला मिळाली नाही. आज कीबोर्डवर ‘फंक’ नावाचे जे बटण आहे त्यामागे अशा बिननावाच्या माणसांचे हात आहेत.

हा प्रश्न आपल्या दारातही आहे. घरातली जुनी भीमगीतांची कॅसेट काढून पाहा. गायकाचा फोटो दिसेल. कवीचे नाव दिसले तर नशीब. कीबोर्ड कोणी वाजवला, ढोलकीवर कोण होते, हे क्वचितच सापडेल. वतनातल्या हलगीवाल्याला नाव नव्हते. चळवळीतल्या वादकालाही नाव नसेल, तर बदलले काय? शिवाय आता डीजेचा एक लॅपटॉप आठ-दहा जणांच्या बेंजो पार्टीचे काम करतो. सुपारी स्वस्तात होते, म्हणून मंडळे तेच निवडतात. त्यात बुडते ती आठ-दहा घरांची रोजी आणि तीस-चाळीस वर्षांचे हातातले ज्ञान. हे ज्ञान कोणी लिहून ठेवलेले नाही. ते वादकाबरोबर जाईल.

म्हणून मंडळांपुढे आमचे चार प्रस्ताव आहेत. पुढच्या जयंतीच्या खर्चातून, डीजेच्या सुपारीतला हिस्सा काढून, वस्तीतल्या एका जुन्या कीबोर्डवादकाला सहा महिन्यांचे मानधन द्या आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी विहारात वर्ग सुरू करा. त्या वर्गात मुलींना पहिल्या रांगेत बसवा, कारण आपल्या ताफ्यांत वाद्यावर बाई अजूनही क्वचितच दिसते. जुन्या बेंजोवाल्यांचे वाजवणे मोबाईलवर का होईना, नाव-गाव-सालासह ध्वनिमुद्रित करून ठेवा. आणि मिरवणुकीच्या फलकावर नेत्यांच्या फोटोंखाली एक ओळ वादकांच्या नावांची छापा.

ज्यांना आपला आवाज गोंगाट वाटतो त्यांच्याशी वाद चालूच राहील. त्यांना उत्तर देताना आवाज वाढवण्यापेक्षा हात तयार असलेला बरा. सोळा मात्रा मोजायला आजपासून सुरुवात करा.

जय भीम!